मामा तलावांचे पोरकेपण

नवेगाव बांधचा तलाव समाजाने बांधला, राजसत्तेने त्याला अभय दिले आणि स्वतंत्र भारताच्या शासनाने तो समाजाच्या हातून काढून घेतला. पाऊणशे वर्षांनंतर त्या पाण्याला धनी पुष्कळ आहेत. वाली मात्र कोणी नाही.

पूर्व विदर्भातील कोणत्याही शासकीय कार्यालयात पाण्याचा विषय निघाला की ‘मामा तलाव’ हा शब्द हमखास कानी पडतो. बाहेरच्या माणसाला वाटावे, केवढी ही आत्मीयता! प्रत्यक्षात ते ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांचे फायलीच्या सोयीसाठी केलेले संक्षिप्त रूप आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांतील साडेसहा हजारांहून अधिक तलाव एका कायद्याने ‘माजी’ ठरले आणि एका टिप्पणीने ‘मामा’ झाले. शब्द नाते सांगणारा, व्यवहार मात्र नाते तोडणारा. आपल्या स्थानिक कारभाराची सारी शोकांतिका या एका विसंगतीत सामावलेली आहे.

या तलावांतील सर्वांत विख्यात तलाव म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. भोवतालच्या टेकड्यांमधील खिंडी मातीच्या पाळींनी अडवून त्यांनी जो जलाशय निर्माण केला, त्याचे क्षेत्र पाच चौरस मैल आणि परीघ सतरा मैल असल्याची नोंद ब्रिटिश काळातील गॅझेटिअरने करून ठेवली आहे. यंत्रे नव्हती, सिमेंट नव्हते, जागतिक बँकेचे कर्ज नव्हते, सल्लागार कंपनीचा अहवालही नव्हता. होते ते भूमीच्या उताराचे अचूक ज्ञान आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा विचार करणारी दृष्टी. भोवतालच्या शिखरांना लोकांनी ‘सात बहिणी’ मानले, त्यांच्या दैवी साहाय्यानेच बांध उभा राहिला अशी श्रद्धा बाळगली आणि कोलू पाटलांना कोलासुर देव म्हणून पूजले. ज्याने पाणी दिले, त्याला देवत्व देणारा हा समाज आहे. आज या घटनेकडे ‘अंधश्रद्धा’ म्हणून पाहणाऱ्या विद्वानांनी एवढेच सांगावे की, गेल्या पंच्याहत्तर वर्षांत पाटबंधारे खात्याच्या किती अभियंत्यांच्या नावे एखाद्या गावाने दिवा लावला?

तलाव नव्हे, व्यवस्था

नवेगाव बांध हा केवळ पाण्याचा साठा नव्हता; ती एक समाजव्यवस्था होती. चांद्याच्या गोंड राजांनी जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखालील जमिनीचा हक्क देण्याचे धोरण ठेवले होते. कोहळ्यांना काशीकडून याच राजवंशाने आणले, अशी परंपरागत समजूत आहे. वनवासी राजा अभय देतो, कोहळी पाळ घालतो, शेतकरी त्या पाण्यावर धान पिकवतो, धीवर त्याच पाण्यात मासळी धरतो, कुंभार त्याच गाळातून मडकी घडवतो. समाजातील प्रत्येक घटकाचा त्या पाण्यात वाटा होता, म्हणून प्रत्येकाचा त्या पाळीशी धर्म बांधलेला होता. कोणत्या बांधीला कधी पाणी सोडायचे हे गावाने नेमलेला पाणकर ठरवी. पावसाळ्यापूर्वी पाळीची डागडुजी लाभधारकच करीत. तुडुम कोणी उघडायचे आणि कधी, यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणाहून आदेश मागवावा लागत नसे.

ही व्यवस्था झाडीपट्टीपुरती नव्हती. नवा तलाव वा सेतुबंध बांधणाऱ्याला पाच वर्षे, मोडलेला दुरुस्त करणाऱ्याला चार वर्षे आणि झाडोऱ्याने व्यापलेला साफ करणाऱ्याला तीन वर्षे करमाफी द्यावी, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगून ठेवले आहे. राज्याने स्वतः तलाव खोदत बसावे असे नव्हे, तर जो समाज ते काम करील त्याच्या पाठीशी राज्याने उभे राहावे, हा तो विचार.

गिरनारच्या शिलालेखांनी या विचाराची सात-आठशे वर्षांची साक्ष दिली आहे. चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी वैश्य पुष्यगुप्त याने सुदर्शन तलाव बांधला. अशोकाच्या काळी यवन तुषास्फाने त्याला पाट काढले. दुसऱ्या शतकात वादळाने त्याला प्रचंड खिंडार पडले, तेव्हा काय घडले? महाक्षत्रप रुद्रदामन्याच्या सल्लागारांनी आणि कार्यकारी अधिकाऱ्यांनी, खिंडार फार मोठे आहे या कारणास्तव, काम हाती घेण्यास नकार दिला! प्रजेत हाहाकार उडाला. अखेर पौर-जानपदांच्या हितासाठी अमात्य सुविशाखाने ते काम पूर्ण केले आणि त्यासाठी प्रजेवर नवा कर वा वेठ लादली गेली नाही, असे तो लेख अभिमानाने सांगतो. म्हणजे ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ असा शेरा मारणारी नोकरशाही त्या काळीही होती. फरक एवढाच की, तेव्हाच्या राजाला आणि अमात्याला प्रजेचा आक्रोश ऐकू येत असे आणि शेरा मारणाऱ्यांना बाजूला सारण्याचे धैर्य त्यांच्यात होते.

हक्क सरकारकडे, पाळ वाऱ्यावर

या व्यवस्थेवर पहिला घाव इंग्रजांनी घातला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य प्रांतात जमाबंदी करताना त्यांनी गावच्या पाटलाला मालगुजार म्हणजे जमिनीचा मालक बनवले. जो गावाचा अग्रणी होता, तो सरकारचा वसुलीदार झाला. कर्तव्यातून मिळणारा मान गेला आणि कागदातून मिळणारी मालकी आली. तरीही तलावाखालची शेती त्याच्या स्वतःच्या हिताची असल्याने आणि गावाचे निस्ताराचे हक्क नोंदले गेल्याने पाळ तगली.

दुसरा आणि अधिक खोल घाव स्वकीयांनी घातला. १९५० मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशाच्या विधिमंडळाने मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली. ती संपली याचे दुःख करण्याचे कारण नाही. जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला, हे योग्यच झाले. प्रश्न निराळा आहे. जमीन कुळाकडे गेली, तर तलाव कोणाकडे जायला हवा होता? ज्यांच्या निस्तारावर तो उभा होता, त्या गावाकडे. तो गेला सरकारकडे. समाजवादी विचाराने भारलेल्या त्या पिढीच्या डोळ्यांपुढे दोनच धनी होते – एक व्यक्ती आणि दुसरे सरकार. या दोहोंच्या मध्ये ‘समाज’ नावाची एक जिवंत, कर्ती शक्ती असते, हे भारतीय समाजरचनेचे सारभूत सत्य त्यांच्या पाश्चात्त्य चष्म्यातून दिसलेच नाही. व्यक्तीकडून काढले ते सरकारला दिले आणि यालाच ‘समाजवाद’ असे नाव ठेवले! ज्या समाजाचे नाव त्या वादाला दिले, त्याच्या हाती काय उरले?

परिणाम व्हायचा तोच झाला. निस्ताराचा हक्क असल्याने शेतकऱ्याने पाणीपट्टी देण्याचे कारण नव्हते. पाणीपट्टी नाही म्हणून दुरुस्तीवर खर्च करण्यात शासनाला स्वारस्य नव्हते. पूर्वी जो शेतकरी कुदळ-घमेले घेऊन पाळीवर जात असे, तो ‘आता हे सरकारचे आहे’ म्हणून घरी बसला. तलावांच्या पोटात गाळ साचत गेला, पाळींवर झाडोरा माजला, काठ बेशरमच्या झुडपांनी गिळले, सांडव्यांना भगदाडे पडली, तलावाच्या पोटातील जमिनीवर अतिक्रमणे झाली. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे सिंचन खात्याकडे अशी वाटणी झाली. पण वाटणी झाली ती अधिकारांची, उत्तरदायित्वाची नव्हे. तीनशे वर्षे ज्या तलावांनी दुष्काळाला दाद दिली नाही, ते पाऊणशे वर्षांच्या ‘लोककल्याणकारी’ अनास्थेपुढे हतबल झाले.

एका पाण्याचे पाच धनी

नवेगाव बांधपुरते पाहिले तर हे चित्र अधिकच विदारक दिसते. पाणी सिंचन खात्याचे. लगतचे अरण्य वन विभागाचे; १९७५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि डिसेंबर २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. पाण्यातील मासळीचा विषय मत्स्यव्यवसाय विभागाचा. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा. पर्यटकांच्या सोयीसुविधा पुन्हा निराळ्यांच्या. आणि ज्या गावाच्या नावातच ‘बांध’ आहे, त्या गावच्या ग्रामपंचायतीचे काय? तिच्या वाट्याला आले ते पर्यटकांनी टाकलेला कचरा उचलण्याचे पवित्र कार्य!

ज्या पाळीच्या बळावर गाव वसले, त्या पाळीविषयी निर्णय करण्याचा अधिकार गावाला नाही. पाळीवरचे एक झाड तोडायचे तर ते वनाच्या नियमांत बसते काय ते पाहा. सांडव्याची भिंत दुरुस्त करायची तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा ही चतुर्धाम यात्रा करा. काठावर एक घाट बांधायचा तर जागा कोणत्या खात्याची यावर दोन कार्यालयांचा पत्रव्यवहार होईपर्यंत थांबा. प्रत्येक खाते आपल्या नियमाप्रमाणे निर्दोष असते. दोष कोणाचाच नसतो आणि काम मात्र होत नाही. हीच या यंत्रणेची सर्वांत मोठी सिद्धी होय.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. लहान जिल्हा म्हणजे जवळचे प्रशासन ही भूमिका योग्यच होती. परंतु नवेगाव बांधच्या ग्रामस्थाला आजही जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यासाठी साठ-पासष्ट किलोमीटर अंतर कापावे लागते, आणि तिथे पोहोचल्यावर उत्तर मिळते ते ‘प्रस्ताव वर पाठवला आहे’. जिल्हा जवळ आला. निर्णय जवळ आला नाही. जिल्हा वार्षिक योजनेला मान्यता देणाऱ्या नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असते, आणि गोंदियाला पालकमंत्री लाभतात ते अनेकदा परजिल्ह्यातील. ज्यांना सात बहिणींची शिखरे नकाशातही ओळखता येणार नाहीत, त्यांच्या स्वाक्षरीची वाट पाहत गावाने बसायचे!

राष्ट्रीय उद्यानातील कवलेवाडा, कालीमाटी आणि झनकारगोंदी या गावांचे पुनर्वसन झाले. वन्यजीवांसाठी आपले पिढीजात गाव सोडणे हा सामान्य त्याग नव्हे. त्या त्यागाचे मोल म्हणून नव्या वसाहतीत सर्व नागरी सुविधा आधी उभ्या राहायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्यांच्यासाठी या कुटुंबांना आंदोलनाचा मार्ग धरावा लागला. वनवासी बांधवांचा कळवळा केवळ परिसंवादात दाटून येणाऱ्या महानगरी मंडळींना या गावांची नावे तरी ठाऊक आहेत काय? जिथे शासन वेळेवर पोहोचत नाही, तिथे बंदूक घेतलेला ‘क्रांतिकारक’ पोहोचतो, हे गोंदिया आणि गडचिरोलीच्या सीमाभागाने दीर्घकाळ सोसले आहे. सुरक्षा दलांच्या पराक्रमाने ते संकट आज ओसरले असले, तरी प्रशासनाची पोकळी भरून काढण्याचे काम सैनिकाचे नव्हे.

पक्ष्यांचीही तीच गत. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून या परिसरात वास्तव्य केले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून हे पाणी आणि अरण्य मराठी घराघरांत पोहोचवले. त्यांना निसर्ग उलगडून दाखवणाऱ्यांत याच गावचे माधवराव पाटील डोंगरवार होते. शासनाचा अधिकारी आणि गावातील जाणता माणूस यांची अशी गाठ पडते, तेव्हा काय घडू शकते याचे ते लेखन म्हणजे साक्षात उदाहरण. चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी ते निवर्तले. श्रद्धांजली वाहणाऱ्यांची दाटी झाली. परंतु महाराष्ट्रात सारसाचा अखेरचा आश्रय असलेल्या या पट्ट्यात त्या पक्ष्यांची संख्या घटत असल्याची दखल २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून घ्यावी लागली, तेव्हा यंत्रणा हलली. न्यायालयाने दटावल्याशिवाय ज्यांना सारस दिसत नाही, त्यांना गाळात रुतलेला तलाव काय दिसणार?

एकोणतीस विषयांचे कागदी दान

यावर एक ठरलेले उत्तर मिळते – ‘पंचायत राज आहे की!’ ते काय आहे, तेही पाहिले पाहिजे. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या मूळ मसुद्यात ग्रामपंचायतीचा उल्लेखच नव्हता. २२ नोव्हेंबर १९४८ रोजी के. संथानम यांच्या दुरुस्तीने तो आला, तोही मार्गदर्शक तत्त्वांत. पुढे १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीचा अहवाल आला, १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी एकोणतीस विषय लिहिले गेले. तिसरा विषय लघुसिंचन व जलव्यवस्थापन, पाचवा मत्स्यव्यवसाय, सहावा सामाजिक वनीकरण, अकरावा पिण्याचे पाणी. वाचताना असे वाटावे की, कोणी नवेगाव बांधच्या पाळीवर बसूनच ही यादी लिहिली आहे!

परंतु घटनाकारांच्या वारसदारांनी त्यात एक खोच ठेवली. राज्य विधिमंडळाने हे अधिकार पंचायतींना ‘दिलेच पाहिजेत’ असे अनुच्छेद २४३-छ म्हणत नाही. ते ‘देऊ शकेल’ असे म्हणते. त्या ‘शकेल’ या एका क्रियापदात तीन दशकांचे सारे ग्रामस्वराज्य बुडाले. कोणत्याही मंत्रालयाने, कोणत्याही खात्याने आपल्या हातचे अधिकार स्वेच्छेने खाली सोडल्याचे उदाहरण विरळाच. केरळात १९९६ नंतर डाव्या आघाडीच्या सरकारने योजनेतील एक तृतीयांशाहून अधिक निधी स्थानिक संस्थांकडे सोपवला. त्यांची विचारसरणी पूर्णतः त्याज्य असली, तरी हे एक पाऊल त्यांनी टाकले हे मान्य केले पाहिजे. मग ज्यांच्या विचारात एकात्म मानववाद आहे, विकेंद्रित अर्थव्यवस्था आहे, त्यांनी मागे का राहावे?

पैशाचा मार्गही असाच आखून दिलेला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामीण संस्थांना दिलेल्या अनुदानापैकी साठ टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित होती. हेतू चांगला, पण ज्या गावापुढचा प्रश्न तलावाच्या पाळीचा आहे, त्यालाही त्याच चौकटीत बसायचे. दिल्लीत चौकट ठरते, मुंबईत शासन निर्णय निघतो, जिल्ह्यात मान्यता होते आणि गावात फक्त फलक लागतो.

ग्रामसभेची कथा तर याहून उद्बोधक आहे. कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्यात. गणपूर्ती पंधरा टक्के मतदार किंवा शंभर मतदार, यांपैकी जे कमी असेल ते. शंभर माणसे! एका लग्नाच्या पंगतीला पाचशे जमणाऱ्या गावात ग्रामसभेला शंभर जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची आवश्यकता नसते. दहा-पंधरा जणांच्या उपस्थितीत ठराव ‘सर्वानुमते’ संमत होतात. लोकशाहीची ही विटंबना कोणी परकीयाने केलेली नाही. ज्या दिवशी गावकरी घरी बसतो, त्या दिवशी तो आपला अधिकार स्वहस्ते ठेकेदाराच्या स्वाधीन करतो.

‘सरंजामशाही’चा आक्षेप

हे सारे मांडले की पुरोगामी गोटातून एक आरोळी उठते – ‘ही मालगुजारांची भलामण आहे! ही सरंजामशाही परत आणायची आहे!’ या आक्षेपाचे सरळ उत्तर दिले पाहिजे. मालगुजारीत वेठ होती, कुळांची पिळवणूक होती. ती संपली हे इष्टच. परंतु रोग्याचा फोड कापताना वैद्याने त्याचा हातही कापून टाकावा काय? अन्याय करणारी मालकी काढायची होती. काढली गेली ती गावाची कर्तबगारी.

पाण्याच्या काठावर जातीने भिंती उभ्या केल्या, हेही लपवण्याचे कारण नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. पण तो कागदावर राहिला. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो बांधवांसह त्या तळ्यावर जावे लागले. नगरपालिकेचा ठराव आणि समाजाचे आचरण यांतील अंतर किती जीवघेणे असते, याचा तो इतिहास आहे. अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, हा विचार तृतीय सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी मे १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत निःसंदिग्धपणे मांडला. एक पाणवठा, एक मंदिर, एक स्मशान हे संघाचे आवाहन त्याच धारेतले. ज्या तळ्याच्या काठावर एकाही हिंदू बांधवाला मज्जाव आहे, ते तळे कितीही प्राचीन असले तरी अभिमानाचा विषय होऊ शकत नाही. म्हणूनच मागणी मालगुजार परत आणण्याची नाही. सर्व समाजाची, सर्व जातींची, धीवर आणि वनवासी बांधवांना बरोबरीचे स्थान देणारी ग्रामसत्ता उभी करण्याची आहे.

गंमत अशी की, गावे आपली सामाईक संपत्ती सरकार आणि बाजार या दोहोंवाचून उत्तम सांभाळू शकतात, हे सिद्ध केल्याबद्दल अमेरिकेतील एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून आपल्याकडील विद्यापीठांतही हा विचार प्रतिष्ठित झाला! कोलू पाटलांनी सांगितले तर ती सरंजामशाही, आणि सातासमुद्रापलीकडून शिक्का मारून आले की तेच शास्त्र. बौद्धिक दास्य म्हणतात ते याहून वेगळे काय?

सत्ता बदलली, चाकोरी तीच

दोष एकाच पक्षाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. काँग्रेसच्या प्रदीर्घ राजवटीने सहकार आणि सिंचन यांना सत्तेचे कुरण केले, हे सर्वश्रुत आहे. परंतु १९९५ मध्ये आणि २०१४ नंतर राज्यात परिवर्तन झाले, तेव्हाही नोकरशाहीची चाकोरी मोडली नाही. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आले, २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ आले, मामा तलावांच्या पुनरुज्जीवनाचाही विचार झाला. ही पावले योग्य दिशेची होती, आणि २०२० मध्ये केवळ राजकीय आकसापोटी जलयुक्तला थांबवणाऱ्यांनी शेतकऱ्याचा अपराध केला. परंतु २०२३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले म्हणून प्रश्न संपत नाही. सरकार आले की योजना येते, सरकार गेले की योजना जाते. कारण योजना गावात येते, पण गावात संस्था उभी राहत नाही. गाळ यंत्राने एकदा काढता येतो. तो पुन्हा साचू न देण्याचे काम यंत्र करीत नाही; ते काम पाणकर करतो, आणि त्या पाणकराचे पद कोणत्याही आकृतिबंधात नाही.

राज्यातील बहुसंख्य महापालिका आणि अनेक जिल्हा परिषदा २०२२ पासून वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. निवडून आलेले सभागृह नाही, जाब विचारणारा सदस्य नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. या काळात एकाही पक्षाने यासाठी रस्त्यावर उतरून मोठे आंदोलन केले नाही, आणि जनतेलाही त्याची फारशी उणीव भासली नाही. स्थानिक स्वराज्य लोकांच्या मनातून किती दूर गेले आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

मार्ग दूरचा नाही

उपाय नाही असे नाही. शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींचे व्यवस्थापन करण्यासाठी महाराष्ट्राने २००५ मध्ये स्वतंत्र कायदाच केला आहे. मामा तलावांसाठी ग्रामसभेच्या अधिपत्याखाली पाळ समिती नेमावी. तीत शेतकरी, धीवर आणि पाण्याचा वापर करणाऱ्या महिला यांचे प्रतिनिधी असावेत. मासेमारी आणि पर्यटन यांच्या उत्पन्नातील निश्चित वाटा त्याच तलावाच्या देखभालीसाठी गावाकडे राहावा. निस्तार पत्रकातील हक्कांचे चावडीवर वाचन व्हावे. ज्या विषयांत पाच खात्यांचे हात गुंतले आहेत, त्यांत अंतिम उत्तरदायी कोण, हे शासनाने एका आदेशाने ठरवून द्यावे. यांपैकी एकाही गोष्टीला अब्जावधी रुपये लागत नाहीत. लागते ती अधिकार सोडण्याची दानत.

आणि समाज निद्रिस्त आहे असे तरी कसे म्हणावे? याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात धीवर समाजातील महिलांनी तलावांत उतरून बेशरम उपटली, देशी जलवनस्पती पुन्हा लावल्या आणि मासळी परत आणली. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मांडून पिके ठरवली. नानाजी देशमुखांनी सत्तेचे राजकारण सोडले आणि चित्रकूट परिसरातील गावे समाजाच्या बळावर उभी केली. जिथे एक संघटित गट ‘हे आमचे आहे’ असे म्हणून उभा राहिला, तिथे शासनालाही मागून यावेच लागले.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने शताब्दीच्या निमित्ताने जे पंचपरिवर्तन समाजापुढे ठेवले, त्यात समरसता आहे, पर्यावरण आहे, ‘स्व’चा बोध आहे आणि नागरिक कर्तव्यही आहे. हे शब्द बौद्धिक वर्गात ऐकून वहीत लिहून ठेवण्यासाठी नाहीत. एका तलावाच्या पाळीवर ते सर्व एकत्र येतात. ज्या गावात शाखा आहे, त्या गावच्या ग्रामसभेची गणपूर्ती होत नसेल, तर त्या शाखेने आपल्या कार्याचे परीक्षण केले पाहिजे. वर्षातून चार दिवस शंभर माणसांना चावडीवर आणणे, पावसाळ्यापूर्वी एक दिवस कुदळ घेऊन पाळीवर जाणे, मासिक सभेच्या ठरावाची प्रत मागून वाचणे, अंदाजपत्रकाचा हिशेब विचारणे – या कामाला हार नाहीत, छायाचित्रे नाहीत, व्यासपीठ नाही. राष्ट्रकार्य बहुधा असेच असते. नगरातील मध्यमवर्गीय कुटुंबेही यातून सुटत नाहीत. डिसेंबरात पक्षी पाहण्यासाठी नवेगाव बांधला जाणाऱ्यांनी तिथला कचरा परत आणावा, एवढ्याने भागणार नाही. आपल्या प्रभागातील सभा कधी होते, हे त्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

परकीय सत्तेने आपल्याकडून राज्य घेतले, ते परत मिळवायला दीड शतक झुंजावे लागले. स्वकीय शासनाने आपल्याकडून गावाचा कारभार घेतला, तो परत मागण्यासाठी तुरुंगात जावे लागणार नाही. ग्रामसभेत जावे लागेल. तेवढेही जमणार नसेल, तर तीनशे वर्षांपूर्वी खिंडी अडवणाऱ्या त्या पूर्वजाला देव म्हणण्याचा अधिकार या समाजाला उरत नाही. कोलासुराला नैवेद्य नको आहे. त्याला त्याच्या पाळीवर माती टाकणारे हात हवे आहेत.